व्हेनिसमध्ये चालावं लागत नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे परवा दोन माणसांना सांगितलं. ज्यांना सांगायलाच पाहिजे होतं, त्यांना. पण तिथे माझ्या तोंडून जेमतेम चार वाक्यं निघाली, तीही तुटक. पहिल्यापासून, सगळं, असं कुणालाच नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्ही माझ्या घरचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता लिहायला बसले तर तेही तितकं सोपं नाही.

सुरुवात एका शब्दाने झाली — "दोनदा".

मी रायपूरला तेलीबांधा तलावाजवळ एका टूरच्या ऑफिसात काम करते. पहिल्या मजल्यावर ऑफिस, खिडकीतून तलाव दिसतो, संध्याकाळी लोक त्यात पायाने चालवायच्या होड्या घेऊन फिरतात. लोकांना परदेशी पाठवणं हे माझं काम. व्हिसाचे फॉर्म, पांढऱ्या पडद्यासमोरचे फोटो, कुठे किती दिवस राहायचं, तिथे वरण-भात मिळतो काय — सगळं माझ्याकडे. अन् मी स्वतः कुठवर गेले? जगन्नाथपुरी. माहेर-सासर दोन्ही रेल्वेतलं. पासावर गाडी जिथवर नेईल तिथवर आमची दुनिया. किती लोकांचे पासपोर्ट या हातांखालून गेले असतील, पण माझा स्वतःचा नव्हता.

नोकरीला लागून महिना झाला असेल. पुरानी बस्तीतली एक बाई समोर बसली होती, इटलीला जायचं की नाही यावर अडली होती. तिने विचारलं, "आप खुद गई हैं क्या?" मी म्हटलं, "हाँ, दो बार."

काहून दोनदा? एकदा म्हटलं असतं तर चाललं नसतं? मालकाने शिकवलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. त्या बाईचा चेहरा मात्र एकदम मोकळा झाला आणि तिने तिथेच फॉर्म भरला. मग काय, तेच सुरू झालं. ऑफिसने ट्रेनिंगला पाठवलं होतं, हे शेपूटही मीच जोडलं. परत आलेली माणसं जे सांगायची ते ऐकून ठेवायचं आणि पुढच्याला आपलं म्हणून वाढायचं. कुणाची चप्पल रोममध्ये तुटली, कुणाचं पाकीट स्टेशनवर मारलं — ते सगळं हळूहळू माझ्याच बाबतीत घडलेलं झालं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, आणि लोक पोटभर जेवून जात होते.

एकदा गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी माझ्या नवऱ्याला म्हणालं, वहिनी तर इटली पाहून आल्या म्हणे. तो खो-खो हसला. त्याला वाटलं लोक मजाक करून राहिले. मी लगेच प्रसाद वाटायला निघून गेले.

इथवर हसण्यासारखं आहे. मीही इतकी वर्षं हसण्यावारीच नेलं. कुणाचं काय बिघडलं, असं म्हणायचे मी मनात. पण बिघडलं.

सात वर्षांपूर्वी मेश्राम बाई ऑफिसात आल्या. बाई म्हणजे माझ्या बाई — मराठी शाळेत पाचवीपासून आठवीपर्यंत त्यांनी मला चित्रकला शिकवली. माठ काढायचा तर उजेड कुठून येतो ते आधी पाहायचं आणि मग सावली द्यायची, हे माझा हात धरून त्यांनी शिकवलं. वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी मासिकातलं एक चित्र चिकटवलं होतं. लाल कौलांचं मोठं गाव आणि मधोमध एक प्रचंड घुमट. रंग उडालेला. ते फ्लॉरेन्स. कपाट उघडलं की त्या म्हणायच्या, पोरींनो, हे मी एक दिवस जाऊन पाहणार आहे. आम्ही एकमेकींना कोपराने ढोसायचो, कारण आमच्यासाठी लांब म्हणजे नागपूर.

आणि त्या खरंच निघाल्या होत्या. सोबत काका, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेच्या वॅगनच्या कारखान्यातून रिटायर झालेले. रोम ठरलं होतं. रोमनंतर दोन दिवस मोकळे होते आणि त्या दोन दिवसांत एकच गाव होणार होतं. व्हेनिस की फ्लॉरेन्स? काकांचं म्हणणं व्हेनिस. सारा जन्म लोखंडात आणि ग्रीसमध्ये गेला त्यांचा, आता पाणी पाहिजे म्हणे. तेलीबांध्याच्या होडीत नातवंडांपेक्षा तेच जास्त वेळ बसायचे. बाईंचं म्हणणं तर मला कपाटाच्या दारापासून माहीत होतं. पंधरा दिवस दोघांचं गोडीगुलाबीने भांडण चाललं, आणि मग एके दिवशी दोघं माझ्यासमोर येऊन बसले.

"तू तर दोन्ही पाहून आली," बाई म्हणाल्या. "आम्ही तुझ्यावर सोडलं. तू म्हणशील ते."

काका म्हणाले, "हिचं मन तिकडं हाये, मले समजते. तू फ्लॉरेन्स म्हटलं तं मी एक शब्द बोलणार नाही." आणि ते उठून खिडकीशी होड्या पाहत उभे राहिले.

पाहा, किती सोपं होतं. एक शब्द. मी "फ्लॉरेन्स" म्हटलं असतं तर ज्या बाईने मला उजेड पाहायला शिकवलं तिला तिचा घुमट मिळाला असता. काका तयार होते, आणि बाईंचं मन तर मला माहीतच होतं.

फॉर्म भरता भरता बाईंनी मला विचारलं, त्या घुमटाच्या आतलं चित्र खालून दिसतं काय गं, की वर चढूनच पाहावं लागतं?

मला माहीत नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी पुढचं विचारलं — पुतळ्यांजवळ किती वेळ उभं राहू देतात, कागद-पेन्सिल घेऊन बसू देतात काय. तेही मला माहीत नव्हतं. मी घाबरले. कारण चप्पल तुटल्याच्या गोष्टीवर बाई थांबणार नव्हत्या. त्या एकेक भिंत विचारणार होत्या. जायच्या आधी विचारणार, आल्यावर तर विचारणारच — आणि आठवीतल्या मुलीचं खोटं चित्र त्या जसं लांबूनच ओळखायच्या, तसं मला ओळखणार. व्हेनिसचं काय? व्हेनिस म्हणजे पाणी. पाण्याबद्दल माझ्याशी कोण हुज्जत घालणार? माझ्या खिडकीत पाणीच होतं.

म्हणून मी व्हेनिस म्हटलं. त्यांच्यासाठी नाही, काकांसाठीही नाही. मी पकडली जाऊ नये म्हणून.

आणि कारण काय दिलं? बाईंचे गुडघे. फॉर्ममध्ये तब्येतीचा एक रकाना असतो. काका खिडकीशी होते तेव्हा बाई हळू आवाजात म्हणाल्या होत्या, लिही बा, दोन्ही गुडघे गेलेत माझे, पायऱ्या तर अजिबात जमत नाहीत, यांना मी इतकं सांगत नाही, उगाच टूर रद्द करतील. मी लिहिलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, लिहिलं ना पायऱ्यांचं? लिहिलं, म्हटलं. मग तेच हातात धरून मी त्यांना सांगितलं — बाई, व्हेनिसमध्ये चालावं लागत नाही. दारातून होडीत अन् होडीतून दारात. फ्लॉरेन्समध्ये नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. मी स्वतः गेले म्हणून सांगते.

बाईंनी पेन उचललं. मग "ठीक आहे" म्हणाल्या आणि सही केली.

तुम्ही गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल. मला आता माहीत आहे. व्हेनिसमध्ये गाड्या नाहीत, म्हणून तिथे चालावंच लागतं. दर चार पावलांवर पाणी, पाण्यावर पूल, आणि पूल म्हणजे पायऱ्या — चढा, उतरा, पुन्हा चढा. त्यांची होडी जिथे थांबली तिथून हॉटेलपर्यंत असे पाच पूल होते.

परत आल्यावर काका एकटेच ऑफिसात आले. बाईंनी माझ्यासाठी काचेच्या मण्यांची माळ पाठवली होती, निळी. काका सांगू लागले. पाच पूल बाईंनी कसेबसे पार केले, आणि मग दोन दिवस त्या हॉटेलच्या खिडकीत बसून होत्या. खालून पाणी जात होतं. परतीच्या दिवशी दोन माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पुलांवरून नेलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते म्हणे. हे सांगताना काका माझ्यावर चिडलेले नव्हते. उलट म्हणाले, "तू पोरसवदा असशील तेव्हा, तुले पूल काय लक्षात राहतीन."

खरंच सांगते, त्या माणसाने माझी सबब स्वतःच्या हाताने करून मला दिली होती. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हे मला चाचपून राहिले. आणि मग मी जे बोलले ते परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं — काका, बाईंनी "थोडे दुखतात" एवढंच सांगितलं होतं. इतकं आहे हे सांगितलंच नाही त्यांनी. सांगितलं असतं तर मी पाठवलं असतं काय?

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला. "हव," म्हणाले, "तिचं तसंच आहे. नीट काही सांगतच नाही." आणि पाणी पिऊन निघून गेले.

मी माळ ड्रॉवरमध्ये टाकली, त्या दिवसापासून ती तिथेच आहे. आपण एवढंच म्हटलं, एवढ्याने काय होतं — असं मी स्वतःला किती वेळा समजावलं असेल. बाई कुठे भेटल्या तर मी रस्ता बदलायचे. मधली करोनाची दोन वर्षं तर कुणी कुठे गेलंच नाही, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं होतं.

यंदा उन्हाळ्याआधी एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली आणि बाई दारात उभ्या. एकट्या. मागच्या वर्षी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. "पाह्य," म्हणाल्या, "तुझा जिना चढून आली." मग खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, आता फ्लॉरेन्स. पण काका येत नाहीत. त्यांचं म्हणणं, 'तू काही सांगत नाहीस, मी परदेशात तुझी जबाबदारी घेणार नाही.' तर वंदना, तू चल माझ्यासोबत. तुला वाटा माहीत आहेत.

आता तरी मी सांगायचं होतं. नाही सांगितलं. मी चक्क हो म्हटलं. मुलीला म्हटलं माझा पासपोर्टचा फॉर्म भर, आणि तिने मोबाइलवर भरता भरता विचारलं, "मम्मी, पहले कभी पासपोर्ट था आपका?" नाही, म्हटलं. कितीतरी वर्षांत या विषयावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं खरं उत्तर. पासपोर्ट आला, कोरा. पण नवा पासपोर्ट तर सगळ्यांचाच कोरा असतो ना? जुना संपला म्हणून सांगता येत होतं. मी ऑफिसात बसून फ्लॉरेन्सच्या गल्ल्यांचे व्हिडिओ पाहत होते, वळणं पाठ करत होते. म्हणजे बाई पहिल्यांदा तो घुमट पाहत असताना शेजारी उभी राहून मी "मागच्या वेळी इथे मी" म्हणणार होते. इतकी गेले होते मी.

मग बाई सही करायला आल्या. पर्समधून त्यांनी एक छोटी वही काढली. मी विचारलं, ही काय? त्या हसल्या. आजकाल सगळं लिहून ठेवते म्हणाल्या — गॅस बंद केला, दूधवाल्याला सांगितलं, गोळी घेतली. डोक्यावर भरवसा राहिला नाही. कधीपासून, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हेनिसपासून गं. यांनी तेव्हाचं धरूनच ठेवलं आहे, मी तुला गुडघ्यांचं 'थोडं' म्हणून सांगितलं म्हणे. मला तर वाटत होतं मी सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. पण तू कशाला खोटं सांगशील? म्हणजे मलाच आठवत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली." मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "सांगितलं होतं की नव्हतं गं मी?"

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, मला आठवत नाही, बाई.

त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. त्या गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. गुडघे तर डॉक्टरांनी बदलून दिले. हे मी बिघडवलेलं कोण बदलून देणार होतं? शहाणीसुरती बाई, आख्ख्या शाळेतल्या मुलींची नावं आजही घडाघडा सांगते, ती सात वर्षं स्वतःच्या डोक्याला घाबरून जगते आहे — माझ्या एका वाक्यापायी. घुमट चुकला त्यापेक्षा हे किती मोठं, हे मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं. त्या रडण्याचा काही उपयोग नव्हता.

आमच्या मालकांना कागद फेकवत नाहीत. माळ्यावर गठ्ठे आहेत. मी स्टूल लावून चढले, दुपारभर धूळ खाल्ली, आणि सापडला तो फॉर्म. तब्येतीचा रकाना, माझं अक्षर, निळी शाई — "दोन्ही गुडघे खराब. पायऱ्या अजिबात नकोत." आणि खाली रेघ मारलेली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मीच मारली होती.

परवा दोघांनाही बोलावलं. काका येत नव्हते, पासपोर्टचं काम आहे असं खोटं सांगून बोलावलं. हे शेवटचं होतं. दोघं बसले. मी माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी फॉर्म ठेवला, आणि म्हटलं — मी इटलीला कधीच गेलेली नाही. एकदाही नाही. बाईंनी मला सगळं सांगितलं होतं, दोनदा, मी लिहून घेतलं होतं. काका, मी तुमच्याशी खोटं बोलले.

बस, एवढंच. 

बाईंनी पासपोर्टला हात लावला नाही. फॉर्म उचलला. चष्मा लावून तो एक रकाना त्यांनी वाचला, मग बोट ठेवून पुन्हा वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं होतं राग येईल, आणि यायलाच पाहिजे होता. पण त्या क्षणी बाईंना माझं काही पडलेलंच नव्हतं. त्यांनी कागद काकांपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पाह्यलं? मी सांगितलं होतं. माझं डोकं ठिकाणावर आहे."

काकांनी वाचायला वेळ लावला. मग ते बाईंना म्हणाले, "सात वर्षं तुले बोललो मी." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहावं असं मी म्हणतही नाही. फॉर्म बाईंकडे परत सरकवून ते म्हणाले, "तिकीट दोघांचं काढ. हिचं अन् माझं." काढते, म्हटलं. माझं नाव आधीच यादीत होतं, ते मी त्यांच्यासमोरच खोडलं.

बाईंनी फॉर्म घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला — ऑफिसचा कागद आहे हे मी बोलले नाही. उठल्या. जिन्याच्या तोंडाशी थांबल्या आणि वळून मला विचारलं, वर्गात विचारायच्या तसंच, "त्या घुमटाला पायऱ्या किती आहेत?"

मला माहीत नाही, बाई, मी म्हटलं.

"मंग मी मोजून येईन," त्या म्हणाल्या, "अन् तुले सांगीन."

आणि त्या खाली उतरल्या. काका एक पायरी मागे होते, त्यांचा हात बाईंच्या खांद्याजवळ होता, पण त्यांनी तो ठेवला नाही. मी वरून पाहत होते. हे लिहून ठेवायला बाईंनी पर्समधून वही काढली नाही.